अंड्यांच्या खिडक्या

अंड्याला खिडकी पाडायची असते, असं मी सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, "मग आमलेट कधी?" बावीस वर्षं झाली, विनोद बदललेला नाही. म्हणून आधीच सांगते. आमच्या प्रयोगशाळेत अंडी खायला येत नाहीत. उबवायला येतात, आणि पिल्लू बाहेर यायच्या बऱ्याच आधी त्यांचं काम संपतं.

तिसऱ्या दिवशी सुईने थोडा पांढरा बलक काढून घ्यायचा, म्हणजे आतला जीव कवचापासून सुटून जरा खाली बसतो. मग वरच्या अंगाला नखाएवढी चौकोनी खिडकी पाडायची आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून अंडं परत उबेत ठेवायचं. पुढच्या दिवसांत त्या खिडकीखाली एक पातळ पडदा तयार होतो, आणि पडद्यावर लाल रेघांचं जाळं. त्या रक्तवाहिन्या. दहाव्या दिवशी औषधात भिजवलेली कागदाची बारीक चकती पडद्यावर ठेवायची आणि तीन दिवसांनी मोजायचं, चकतीकडे किती नव्या वाहिन्या वळल्या ते. औषध लागू पडलं असेल तर चाकाच्या आऱ्यांसारख्या सगळीकडून येतात.

मी इथे काचसामान धुवायला लागले होते. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचत अक्षरं शिकले, मग सरांनी टाकून दिलेले कागद घरी नेऊन वाचायला लागले, अर्धं कळायचं, अर्धं कळल्यासारखं वाटायचं. एकदा खिडक्या पाडणारा मुलगा नोकरी सोडून गेला आणि सर म्हणाले, "मावशी, तुम्ही बघता का हात लावून?" पहिल्या दिवशी विसातली अठरा अंडी जगली. त्यानंतर खिडक्या माझ्या झाल्या, मोजणी माझी झाली. मावशी मात्र मावशीच राहिले. मावशी म्हटलं की खुर्ची द्यावी लागत नाही.

सरांचा विषय केमोकाइनचा. इवलीशी प्रथिनं. कुठे जखम झाली, जंतू शिरला, की तिथल्या पेशी ही प्रथिनं सोडतात आणि त्यांचा माग काढत पांढऱ्या पेशी धावत येतात. हाकच म्हणा ना. पण त्यातल्या काही हाका रक्तवाहिन्यांनाही ऐकू जातात. वाहिनीला धुमारा फुटतो आणि ती हाकेच्या दिशेने वाढत जाते. आणि त्याच घराण्यातल्या दुसऱ्या काही अशा, की त्या वाहिन्यांना जागच्या जागी थोपवतात. सख्ख्या बहिणी, पण एक दार उघडणारी आणि एक कडी लावणारी.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती मशीनवर पडदे शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आपल्यासारख्या."

"आपल्यातली कडी लावणारी कोण?"

"ते तुझं तू ठरव. दोरा दे तो."

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आईमागे तिनेच मला वाढवलं, ते त्या मशीनच्या पायट्यावर. उजवा पाय पुढे, डावा मागे, टकटक टकटक. त्या आवाजावर मी झोपले, त्या आवाजावर उठले. भावजी गेले त्या आठवड्यातही तिने शाळेचे चाळीस सदरे पुरे करून दिले होते. मोटर बसवून घे म्हटलं की म्हणायची, "मोटरला कापड कळत नाही. पायाला कळतं."

त्या पायालाच काही कळेनासं झालं होतं. ताईला साखर होती, पंधरा वर्षांची, आणि तिच्याशी ताईचं वागणं नको असलेल्या पाहुण्याशी वागावं तसं, म्हणजे समोरून हसून आणि मागून दुर्लक्ष. एके दिवशी उजव्या तळव्यात टाचणी घुसली. शिवणकाम करणारीच्या घरात टाचण्या असायच्याच. पण ती दोन दिवस टाचणी पायात घेऊन मशीन चालवत राहिली आणि तिला समजलं नाही. तिसऱ्या दिवशी कापलेल्या पांढऱ्या कापडावर डाग दिसला, तेव्हा तिने आधी कापड धुतलं, मग पाय बघितला.

जखम भरेना. अंगठ्याखालून शेजारच्या बोटाकडे सरकली. रोज संध्याकाळी मी पट्टी बदलायची, आणि ती वर बसून मला नावं ठेवायची. "हळू गं, अंडेवाले. माझ्या पायाला खिडकी नको पाडूस."

"पडलेलीच आहे."

"मग चिकटपट्टी लाव आणि ठेव उबेत."

पाय गार असायचा. रक्तच पोचत नव्हतं तिथे. आणि मी दिवसभर कुठे बसायचे? जिथे रक्तवाहिन्यांना बोलावण्याचं काम चालतं तिथे. आता कुणाच्या डोक्यात काय येणार, ते सांगायला नको.

त्याच सुमारास साठ अंड्यांचा प्रयोग निघाला. सरांनी एक बोलावणारं केमोकाइन निवडलं होतं. तीस अंड्यांना ते, तीस अंड्यांना नुसतं मिठाचं पाणी. चकत्या ठेवायचं काम चष्मिषचं. चष्मिष म्हणजे आमच्याकडे पीएच.डी. करणारी मुलगी, इतकी नीटनेटकी की तिच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे उभ्या असायच्या. कुठल्या अंड्यात काय, ते फक्त तिच्या वहीत. मोजणार मी, आणि मोजणाऱ्याला काही ठाऊक असता कामा नये, हा सरांचा नियम. मनात असेल तेच डोळ्याला दिसतं म्हणून. चांगला नियम आहे. मला अजूनही वाटतं, चांगला आहे.

खिडक्या पाडायच्या दिवशी माझं उजवं मनगट ठणकत होतं. महिनाभर ठणकत होतं, पण मी कुणाला बोलले नव्हते. हात दुखतो म्हटलं असतं तर खिडक्या चष्मिषकडे गेल्या असत्या आणि मी पुन्हा बाटल्यांकडे. बारीक कात्री आणि टोकदार चिमटा, अंडं जरासं तिरकं धरायचं म्हणजे कवचाचे कण बाहेर पडतात, प्रत्येक अंड्यामागे कात्री पुसायची. पहिला ट्रे, तीस अंडी, मी तशी केली. तिसावं संपलं तेव्हा बोटांना मुंग्या आल्या होत्या.

कपाटात एक नवं यंत्र पडलेलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे असतं तसं गरगर फिरणारं छोटं टोक. सरांनी हौसेने आणलेलं, मी कधी हात न लावलेलं. त्या दिवशी लावला. काय सुरेख चाललं! दुसरा ट्रे निम्म्या वेळात झाला. पांढरी भुकटी उडत होती, चेहऱ्याला लावायच्या पावडरीसारखी. वरची मी कापसाने टिपून घेतली. आत काही गेलेलं नुसत्या डोळ्यांना दिसलं नाही. यंत्र पुसून कपाटात ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आजवर सगळ्या खिडक्या हाताने पाडल्या, ही माझी शान होती ना.

आणि चष्मिषने काय केलं? तिला एकेक अंडं उचलून दोन ट्रेंमध्ये मिसळणं अस्ताव्यस्त वाटलं. पहिल्या ट्रेला मिठाचं पाणी, दुसऱ्याला केमोकाइन. मोजायला देताना मात्र तिने अंड्यांवरचे आकडे बदलून, सरमिसळ करून दिली. नियम पाळला. मीही पाळला. दोघींनी इतका छान पाळला की चूक कुठून आत आली ते कुणालाच दिसलं नाही.

तेराव्या दिवशी मी मोजलं. काही अंड्यांत वाहिन्या नेहमीसारख्या, काहींत अक्षरशः गर्दी. चष्मिषने वही उघडली, आकडे जुळवले आणि खुर्चीवरून उठून मला मिठीच मारली. केमोकाइनच्या अंड्यांत दुप्पट! सरांनी सगळ्यांना चहा पाजला. मी कप घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि ताईच्या पायाचं सांगितलं.

"अहो, हे त्यासाठीच तर आहे," सर म्हणाले. "सहा-आठ आठवड्यांत याचं मलम तयार करून बघू. तुमच्या बहिणीचं नाव पहिलं."

मोठी माणसं चहा पिताना काय काय बोलतात. मला बावीस वर्षांत हे कळायला हवं होतं. पण मी घरी गेले ती चालत नाही, तरंगत गेले.

त्याच आठवड्यात ताईला सर्जनकडे नेलं. तरुण बाई, बोलणं सरळ. "अंगठा आणि शेजारचं बोट आता काढू. पाऊल वाचेल. थांबलात तर मी शब्द देत नाही."

"मशीन चालवता येईल?" ताईने विचारलं.

"पायाची? येईल की. सवय करावी लागेल."

ताई माझ्याकडे वळली. "आयुष्यभर कापड कापलं मी. चुकीचं कापलं तरी जोडता येतं, शिवण दिसते एवढंच. बोट कुठे जोडणार? तू सांग गं. ह्यांनी शिकून सांगितलं. तू डोळ्यांनी बघितलंस. येतात ना वाहिन्या?"

"येतात."

"दुप्पट?"

"दुप्पट."

सर्जनबाईंनी विचारलं, "कशात बघितलंत?"

"अंड्यात," मी म्हटलं. तोवर हा शब्द मला कधी इतका छोटा वाटला नव्हता.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अंड्याला पंधरा वर्षांची साखर नसते हो."

पण ताई तोवर चप्पल शोधत होती. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर भार टाकून म्हणाली, "दोन महिने थांबू. माझी शास्त्रज्ञीण घरात असताना परक्या बाईच्या हाती कात्री कशाला देऊ?" मी तिला परत आत नेऊ शकले असते. मला बरं वाटत होतं, हेच खरं. जन्मभर तिने मला घातलेलं कापड, दिलेलं ताट. आणि आता पहिल्यांदा तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

लेख छापायचा तर प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागतो. पुन्हा साठ अंडी आली. मनगट विश्रांतीने बरं झालं होतं, म्हणून मी साठही खिडक्या हाताने पाडल्या, अभिमानाने. तेराव्या दिवशी मोजलं. चष्मिषने वही उघडली आणि आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

"मावशी, दोन्ही सारखेच आहेत."

सर म्हणाले, केमोकाइन खराब झालं असेल, नवी बाटली मागवू. चष्मिष म्हणाली, उबेचं तापमान बघू. मी पहिल्या साठ अंड्यांचे तेव्हा घेतलेले फोटो शोधून भिंगाखाली धरले. गर्दीची अंडी एकेक बघत गेले. वाहिन्या चकतीकडे वळल्या होत्याच, पण नीट बघितलं तर चकती त्यांच्या वाटेत होती एवढंच. त्या जात होत्या पुढे, खिडकीच्या कडेखाली, जिथे पडद्यावर पांढरे ठिपके होते. मिठाच्या दाण्याहून बारीक. कवचाची भुकटी.

भुकटी पडद्याला टोचली. पडद्याने ती जखम समजली, पांढऱ्या पेशी धावल्या, त्यांनी आपली केमोकाइन सोडली आणि वाहिन्या आल्या. म्हणजे हाक खरीच होती. सरांच्या बाटलीतली नव्हती, अंड्याने आपली आपण मारली होती, माझ्या यंत्राच्या धुळीपायी.

हे मला त्या दुपारी कळलं होतं. कळलं होतं असं आज म्हणते. तेव्हा मी त्याला संशय म्हटलं. बावीस वर्षं एकच शिकले होते, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मी सरांकडून बारा अंडी मागून घेतली. सहांच्या खिडक्या हाताने, सहांच्या यंत्राने, सगळ्यांत मिठाचं पाणी. पुन्हा तेरा दिवस.

त्या तेरा दिवसांत संध्याकाळी पट्टी बदलताना मी बघत होते. दुसरं बोट काळं पडलं. मग तिसरं. वास येऊ लागला. ताई विचारायची, "मलम कुठवर आलं?"

"होतंय."

"तुझे सर झोपतात का काय?"

"होतंय म्हटलं ना, ताई."

काय सांगणार होते? 'बहुतेक चुकलं' असं? आमच्याकडे बहुतेक चालत नाही. आणि उघड सांगायचं तर, सहा अंड्यांत काही निघू नये अशी मी आशा धरून होते. मग भुकटीचा दोष नाही, माझा दोष नाही, बाटलीच खराब, नवी बाटली येईल, मलम होईल. चार दिवस राहिले, तीन राहिले. नवव्या दिवशी ताईला थोडा ताप आला. मी गोळी दिली.

तेराव्या दिवशी बारा अंडी मी चष्मिषकडे मोजायला दिली. काय आहे ते सांगितलं नाही. तिने मोजलं, भिंगावरून डोळे उचलले. "सहांत गर्दी आहे. मावशी, हे कुठलं औषध?"

"कुठलंच नाही."

तिने चष्मा काढला. चष्म्याशिवाय मी तिला पहिल्यांदाच बघितलं, इतकी लहान दिसली. "दुसरा ट्रे," ती हळूच म्हणाली. "मी सगळं केमोकाइन त्याच एका ट्रेत ठेवलं होतं."

"आणि मी यंत्र वापरलं होतं."

रडावं की काय ते ठरेना, म्हणून दोघी फोटो घेऊन सरांकडे गेलो.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फोटो पाहिले, मान हलवली. "बरं झालं मावशी, छापायच्या आधी लक्षात आलं." कुणाचं बरं झालं, ते बोलले नाहीत. मी मलमाचं आणि ताईचं विचारलं तर क्षणभर आठवत राहिले. "मी असं म्हटलं होतं? अहो, मलम म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी पाच-सात वर्षं." मग उठून कपाटाकडे जात म्हणाले, "आपण आता दुसऱ्या बाजूने जाऊ. वाहिन्या थोपवणारी केमोकाइन. त्यात जास्त दम आहे."

त्यांची एक वाट बंद झाली, त्यांनी दुसरी धरली. तसंच असतं ते. चुकीला तिथे जागा ठेवलेली असते.

मी धावत घरी गेले. ताई खाटेवर होती, अंग तापलेलं, काळं घोट्याला टेकलेलं. मी गाडी बोलावली आणि गाडी येईपर्यंत तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. यंत्र, भुकटी, सहा अंडी. ती ऐकत होती, कापडातली गाठ शोधावी तशी.

"हे कधी कळलं?"

"आज."

"संशय कधी आला?"

मी खाली बघितलं. "तेरा दिवस झाले."

"मग तेरा दिवस काय करत होतीस?"

"मोजत होते."

तिने पाय पांघरुणात ओढून घेतला. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा म्हणाली, "माझी चष्म्याची डबी घे."

सर्जनबाईंनी आम्हाला ओळखलं. कागद पुढे केले. नुसती बोटं काढून आता भागणार नव्हतं. गुडघ्याखाली चार बोटं सोडून पाय काढावा लागला.

ताई घरी आली त्याला आता तीन महिने झाले. कृत्रिम पाय बसवलाय, त्यावर ती घरात हिंडते, पण त्याने पायटा चालत नाही. एकट्या डाव्या पायाने चालवून बघितलं, चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. मी न विचारता मोटर आणली. तिने तिच्यावर कापड झाकलं, तसंच आहे. माझ्याशी ती बोलते. जेवलीस का, दूध आण, दार लाव. अंडेवाली म्हणत नाही.

परवा तिच्याकडे एका मुलीचा झगा आला, साधाच, घेर मोठा. ती मशीनपुढे बसली, कापड सुईखाली घेतलं, आणि बराच वेळ तशीच. मी जमिनीवर बसले, मशीनच्या खाली सरकले आणि दोन्ही हात पायट्यावर ठेवले.

"काय चाललंय?"

"तू वरून शिव. मी दाबते."

मला वाटलं, हाकलेल. वरून नुसता कापड सारल्याचा आवाज आला. मी दाबलं. चाक फिरलं, अडखळलं, पुन्हा फिरलं. इतकी वर्षं ऐकलेला आवाज हाताने काढायला गेलं की जमत नाही. टक, टकटक, टक. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला उजवं मनगट ठणकू लागलं, तिथेच, जुन्या जागी. मी ओठ मिटले आणि मनात आकडे म्हणत ताल धरायला बघू लागले. एक, दोन. एक, दोन.

ओठ हलले असतील. ताईने वरून वाकून बघितलं.

"मोजू नकोस," ती म्हणाली. "नुसतं दाब."